४१३व्या पानावर वर्ड बसतं: मोठ्या फाइलचं दुखणं शोधताना

"अगं, परत बसलं ते."

काकांचा फोन आला की हे पहिलं वाक्य. काका म्हणजे आमच्या सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांच्या डीटीपीच्या दुकानात नेमाने येणारे एक निवृत्त गृहस्थ. स्वतःच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहितायत. सहाशे ऐंशी पानं, दोनशे चौदा एमबीची एकच वर्ड फाइल, तीनशेच्या वर फोटो आणि वंशावळीचे तक्ते. लिहिताना बरं चालतं, मग मध्येच पडदा पांढरा होतो, वरच्या पट्टीत 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं आणि थोड्या वेळाने खिडकीच गायब. कधी सेव्ह करताना, कधी नुसतं खाली सरकताना.

आजूबाजूच्या सगळ्यांचं निदान ठरलेलं होतं: "फाइल फार मोठी झालीय, तुकडे करा." प्रबंध घेऊन येणारी मुलंही हेच ऐकून आलेली असतात. माझा अनुभव वेगळा आहे. नुसत्या पानांच्या ओझ्याने वर्ड सहसा पडत नाही. वर्डची मर्यादा निव्वळ मजकुरासाठी ३२ एमबी आणि चित्रांसकट पूर्ण फाइलसाठी ५१२ एमबी. देवनागरीचं एक चिन्ह फाइलमध्ये साधारण तीन बाइट घेतं. पानाला अठराशे चिन्हं धरली तरी सातशे पानांचा मजकूर चार एमबीच्या आत बसतो. म्हणजे मजकूर मर्यादेच्या जवळपासही नाही. पडण्याचं कारण फाइलमध्ये कुठेतरी एका ठिकाणी दडलेलं असतं, नाहीतर फाइलच्या बाहेर असतं. ते ठिकाण न शोधता तुकडे केले, तर आजारी तुकडा आजारीच राहतो. फक्त तो आता 'प्रकरण ७' या नावाने पडतो.

आधी हात आवरा

पडल्या पडल्या लोक घाबरून पुन्हा फाइल उघडतात आणि डावीकडे जी 'डॉक्युमेंट रिकव्हरी'ची यादी येते ती वाचायच्या आत बंद करून टाकतात. असं करू नका. त्यातली सगळ्यात ताजी वेळ असलेली प्रत उघडा, शेवटचं लिहिलेलं पान आहे का बघा आणि नव्या नावाने सेव्ह करा. जुनीवर चढवू नका. यादी आलीच नाही, तर फाइल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट या वाटेने 'रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स' पाहा. मात्र तिथे मुख्यतः कधीच सेव्ह न केलेल्या फाइली सापडतात.

ऑटोरिकव्हर, म्हणजे काम चालू असताना वर्ड आपणहून काढून ठेवतं ती तात्पुरती प्रत, मुळात दर दहा मिनिटांनी होतं. मी ते पाचवर आणते. एक मिनिटावर आणू नका, कारण दोनशे एमबीची फाइल दर मिनिटाला लिहायला लागली की तीच एक अडचण होऊन बसते. आणि ऑटोरिकव्हर म्हणजे सेव्ह नव्हे, हे काकांना मी अजून पटवतेय. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, त्यामुळे गुरुवारच्या सकाळी तर कंट्रोल एस हा श्वासासारखा चालू असला पाहिजे.

यापुढचे सगळे प्रयोग प्रतीवर करायचे. प्रत संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवा. पेनड्राइव्हवरून थेट उघडून काम करणं ही काकांची सहा वर्षांची सवय होती. वर्ड काम करताना त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या फाइली करत असतं. पेनड्राइव्ह जरा हलला, भरला किंवा मंद पडला की सेव्ह अर्ध्यात राहतं. काका म्हणाले, "पण मी तो हळूच काढतो." हळू काढण्याचा इथे काही संबंध नाही.

दोष वर्डचा की फाइलचा?

हे पाच मिनिटांत कळतं, तरी कोणी करत नाही. नवी कोरी फाइल उघडा, कीबोर्ड इंग्रजी करा, बरोबरचं चिन्ह, त्याला लागून आर-ए-एन-डी, आणि कंसात दोनशे, स्वल्पविराम, दहा असं टाइप करून एंटर मारा. वर्ड दोनशे परिच्छेदांचा भाकड मजकूर स्वतःच ओततं. तो सगळा उचलून सहा-सात वेळा खाली चिकटवा, चारशे-पाचशे पानं सहज होतात. आता त्यात वरखाली फिरा, सेव्ह करा. हे नीट चाललं तर 'मोठी फाइल' हा आरोप तिथेच निकालात निघाला. काकांच्या लॅपटॉपवर हे लोण्यासारखं चाललं. काका थोडे नाराज झाले. वर्डलाच दोष देता आला असता तर त्यांना आवडलं असतं.

कोरी फाइलही पडत असेल, तर दोष वर्डच्या आजूबाजूला आहे. कंट्रोलची कळ दाबून ठेवून वर्डच्या चिन्हावर क्लिक करा. सेफ मोडमध्ये उघडायचं का असं विचारेल, हो म्हणा. या अवस्थेत वर्ड बाहेरची जोडकामं म्हणजे ॲड-इन न घेता उघडतं. इथे पडलं नाही, तर फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स इथे जाऊन खाली 'कॉम ॲड-इन्स' निवडा, सगळ्यांच्या खुणा काढा आणि मग एकेक परत लावत जा. मराठी टायपिंगची जुनी जोडकामं, पीडीएफ करणारी, संदर्भसूची सांभाळणारी, यांच्यातलं एखादं नव्या वर्डशी जमवून घेत नाही. प्रबंधवाल्यांसाठी एक वेगळी सूचना: झोटेरोसारखं साधन वापरत असाल आणि संदर्भ शेकड्यांत असतील, तर त्याच्या डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमधलं संदर्भ आपोआप ताजे करण्याचं काम बंद ठेवा. नाहीतर प्रत्येक नव्या संदर्भागणिक सगळे जुने संदर्भ पुन्हा तपासले जातात.

तरीही पडलं तर 'नॉर्मल' नावाचा मूळ साचा बिघडलेला असू शकतो. वर्ड बंद करून त्या डॉटएम फाइलचं नाव बदला, 'नॉर्मल जुना' काहीही चालेल. पुढच्या वेळी वर्ड नवा साचा स्वतः तयार करतं. त्यात तुम्ही ठेवलेले मॅक्रो आणि शैली नव्या साच्यात येणार नाहीत, म्हणून जुना खोडून टाकू नका.

प्रिंटरवर मात्र कोणाचाच संशय जात नाही. वर्ड पानं कशी पडतील हे ठरवताना निवडलेल्या प्रिंटरच्या ड्रायव्हरला, म्हणजे तो प्रिंटर चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, विचारतं. तो प्रिंटर मुलाच्या घरी नेटवर्कवर राहिला असेल किंवा त्याचा ड्रायव्हर जुना असेल, तर पान मांडतानाच अडखळतं. विंडोजमध्ये 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' हा डिफॉल्ट करून बघा. आमच्या दुकानातल्या एका यंत्राचं अर्धं दुखणं एवढ्यानेच गेलं होतं.

आणि अंदाजपंचे करण्याआधी विंडोजलाच विचारा. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप केलं की एक तक्ता उघडतो. त्यात ज्या दिवशी पडलं तिथे लाल फुली असते. तिच्यावर क्लिक करून तपशील उघडला की 'फॉल्टिंग मॉड्यूल' किंवा 'फॉल्ट मॉड्यूल' अशी ओळ दिसते. तिथे वर्डच्या किंवा ऑफिसच्या स्वतःच्या फाइलचं नाव असेल तर फारसं काही कळत नाही, पण एखाद्या जोडकामाचं किंवा प्रिंटर ड्रायव्हरचं नाव असेल तर चोर सापडला.

अर्ध्याचं अर्ध

काकांच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. कोरी फाइल चालते, सेफ मोडमध्ये त्यांची फाइल पडते, दुसऱ्या लॅपटॉपवरही पडते. म्हणजे दोष फाइलमध्ये. पण सहाशे ऐंशी पानांत कुठे?

कागद-पेन्सिल घ्या. प्रतीची प्रत काढा आणि तिच्यातून दुसरा अर्धा भाग पूर्ण खोडा, सेव्ह करा, बंद करून उघडा, कंट्रोल एंड मारून तळाला जा. पडली? दोष पहिल्या अर्ध्यात. नाही पडली? मग दुसऱ्या प्रतीत पहिला अर्धा खोडून तेच करा. सापडलेल्या अर्ध्याचं पुन्हा अर्ध. सहाशे ऐंशीचे तीनशे चाळीस, एकशे सत्तर, पंच्याऐंशी, असं करत दहा फेऱ्यांत एका पानापर्यंत पोचता येतं. आम्हाला दोन चहा आणि दीड तास लागला.

दोन शक्यता मात्र या हिशेबात बसत नाहीत, त्या आधीच सांगते. दोन्ही अर्धे पडत असतील तर दोष दोघांत सामाईक असलेल्या गोष्टीत शोधा: शीर्षपट्टी, शैली, पानाच्या पार्श्वभूमीचं चित्र. आणि एकही अर्धा पडत नसेल, फक्त जोडल्यावरच पडत असतील, तर प्रश्न एका जागेचा नसून मेमरीचा आहे. तो बहुधा फोटोंचा असतो. ही दुसरी शक्यता लक्षात ठेवा, ती आम्हाला पुढे भेटली.

४१३व्या पानावर एक शाखा होती. परदेशातल्या कोणा चुलत नातेवाइकांनी ईमेलने पाठवलेली आणि काकांनी तशीच उचलून चिकटवलेली. वंशावळीचा तक्ता, त्याच्या एका घरात दुसरा तक्ता, त्यात तिसरा, त्यात चौथा. मूळ पुरुष बाहेरच्या घरात आणि पणतू सगळ्यात आतल्या डबीत. बाहेरच्या तक्त्याची एक ओळ दोन पानांहून लांब झाली होती आणि 'अलाउ रो टू ब्रेक अक्रॉस पेजेस' ही खूण काढलेली. ओळ मोडायची नाही आणि पानात मावत तर नाही, अशा कोंडीत पान मांडणारं वर्ड सापडलं होतं.

खूण लावल्यावर सुधारणा झाली, पण पूर्ण नाही. मग तक्ता आतून बाहेर असा एकेक करून 'कन्व्हर्ट टू टेक्स्ट'ने साध्या मजकुरात उतरवला. एक मत देते: वंशावळ तक्त्यात बसवूच नका. प्रत्येक पिढीला एक परिच्छेद-शैली करा, पहिली पिढी कडेला, दुसरी एक घर आत, तिसरी दोन घरं आत, आणि नावापुढे पिढीचा आकडा. सुना, माहेरवाशिणी, दत्तक, सगळं त्यात बसतं आणि पुढे नाव घालायचं झालं तर चौकटी हलत नाहीत. काकांना चौकटीच हव्या होत्या, "तक्ता दिसायला भारदस्त वाटतो" म्हणून. मी म्हटलं, पडतोही भारदस्त.

बाहेरून आणलेला मजकूर, मग तो ईमेलचा असो, वेबसाइटचा की व्हॉट्सॲपचा, 'कीप टेक्स्ट ओन्ली'नेच चिकटवा.

दुसरं दुखणं: फोटो

तक्ता गेला आणि वर्ड आठवडाभर गुणी बाळासारखं वागलं. मग एका संध्याकाळी सेव्ह करताना पुन्हा पांढरं पडलं. आता अर्ध्याचं अर्ध करून काहीच हाती लागेना. कुठलाही अर्धा पडत नव्हता.

इथे एक छोटी युक्ती उपयोगी पडते. डॉकएक्स ही फाइल मुळात झिपची पिशवी असते. प्रतीच्या नावातलं टिंबापुढचं 'डॉकएक्स' बदलून 'झिप' करा आणि उघडा. आत 'वर्ड' नावाचा फोल्डर, त्यात 'मीडिया'. सगळी चित्रं तिथे आकारासकट दिसतात. काकांच्या मीडियात काही स्कॅन तर चार-चार, सहा-सहा एमबीचे होते. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की छपाईसाठी ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा आणि वर्डच्या ऑप्शन्समध्ये 'डू नॉट कंप्रेस इमेजेस इन फाइल' ही खूण लावा. दोन्ही काकांनी निष्ठेने केलं. ए-४ कागद ६०० डीपीआयवर स्कॅन केला की चित्र होतं सुमारे ४९६० गुणिले ७०१६ ठिपक्यांचं. डिस्कवर जेपेग म्हणून चार एमबी, पण पडद्यावर दाखवायला ते उलगडलं की रंगीत चित्राला शंभर एमबीच्या वर मेमरी लागते. पानात मात्र ते टपाल तिकिटाएवढं ठेवलेलं, आजोबांच्या पगडीचा फोटो.

त्यात वर्ड ३२ बिटचं. फाइल, अकाउंट, अबाउट वर्ड इथे हे दिसतं. ३२ बिटच्या प्रोग्रामला दोन ते चार जीबीच्या पुढची मेमरी वापरताच येत नाही, यंत्रात सोळा जीबी रॅम असली तरी. काकांनी त्याच वर्षी रॅम वाढवून घेतली होती. त्या पैशाबद्दल मी काही बोलले नाही.

फोटोच दोषी आहेत का हे बघायचं असेल तर ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, शो डॉक्युमेंट कंटेंट इथे 'शो पिक्चर प्लेसहोल्डर्स'ची खूण लावा. फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतात. तसं केल्यावर फाइल सुरळीत फिरली तर उत्तर मिळालं. उपाय असा: जेवढ्या आकारात छापायचा तेवढ्याच आकाराला ३०० डीपीआय ठेवून फोटो आधी बाहेरच लहान करायचा, मग 'इन्सर्ट, पिक्चर्स'ने आणायचा, कॉपी-पेस्टने नाही, आणि 'इन लाइन विथ टेक्स्ट' ठेवायचा. मूळ मोठे स्कॅन वेगळ्या फोल्डरात जपून ठेवा, छापखान्याला ते लागतील. तीनशे फोटो असे करायला मला आणि दुकानातल्या मुलाला दोन दिवस लागले. फाइल दोनशे चौदावरून एकोणचाळीस एमबीवर आली. शिवाय ६४ बिटचं ऑफिस बसवलं, पण त्याआधी जुनी जोडकामं ६४ बिटवर चालतात का ते पाहून.

लाल रेघांचा पूर

हे मराठीवाल्यांचं खास दुखणं आहे, म्हणून वेगळं लिहितेय. मराठी मजकुरावर वर्डच्या लेखी 'इंग्रजी' अशी भाषा लागलेली असली की प्रत्येक शब्द चुकीचा ठरतो. तपासनीस अखंड धावत राहतो, आणि शेवटी चुका इतक्या झाल्यात की आता दाखवता येत नाहीत असा निरोप येतो. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर तर आतून रोमन अक्षरंच असतात, वरून मराठीचं सोंग घेतलेलं. तिथे इंग्रजी तपासनीस वेडाच होतो. फक्त यामुळे वर्ड पडलेलं मी क्वचित पाहिलंय, पण कूर्मगतीने चालणं आणि टाइप केलेलं अक्षर दोन सेकंदांनी उमटणं हे नेहमीचं. कंट्रोल ए करा, रिव्ह्यू, लँग्वेज, सेट प्रूफिंग लँग्वेज, तिथे मराठी निवडा आणि 'डू नॉट चेक स्पेलिंग ऑर ग्रामर'ची खूण लावा. शुद्धलेखन शेवटी माणसाकडूनच तपासून घ्यायचंय. पुण्यात त्यासाठी माणसं कमी नाहीत, न विचारताही तपासून देतात.

फाइल उघडतच नसेल तर

ओपन, ब्राउझ, फाइलवर एकदाच क्लिक, आणि ओपनच्या बटणाशेजारचा छोटा बाण दाबून 'ओपन अँड रिपेअर'. ते जमलं नाही तर कोऱ्या फाइलमध्ये इन्सर्टच्या टॅबवरच्या 'टेक्स्ट फ्रॉम फाइल'ने ती ओढून बघा. तेही नाही, तर लिबरऑफिस रायटरमध्ये उघडा. वर्ड जिथे अडतं तिथे रायटर कधीकधी खांदे उडवून पुढे जातं. मांडणी थोडी हलेल, पण मजकूर हाती लागेल.

उघडते पण सेव्ह करताना विचित्र वागते, अशा फाइलसाठी एक जुना उपाय आहे आणि तो अजून चालतो. कंट्रोल शिफ्ट ८ दाबून परिच्छेदांच्या खुणा दाखवा. अगदी शेवटची परिच्छेद-खूण सोडून बाकी सगळं निवडा, कॉपी करा, कोऱ्या फाइलमध्ये चिकटवा. शेवटच्या खुणेत शेवटच्या विभागाची मांडणी साठवलेली असते आणि बिघाड बऱ्याचदा तिथेच चिकटून राहतो. फाइलमध्ये सेक्शन ब्रेक असतील तर प्रत्येक विभाग असाच वेगळा न्यावा लागतो, ब्रेक सोडून. कंटाळवाणं आहे. काकांच्या फाइलमध्ये एकोणीस होते, त्यातले अकरा कशासाठी होते हे काकांनाही सांगता आलं नाही.

तुकडे करायचेच असतील तर प्रकरणागणिक साध्या वेगळ्या फाइली करा, पृष्ठांक 'स्टार्ट ॲट'ने हाताने द्या आणि शेवटी पीडीएफ जोडा. वर्डमधल्या मास्टर डॉक्युमेंटच्या, म्हणजे वेगवेगळ्या फाइली एका मुख्य फाइलमध्ये बांधायच्या सोयीच्या, नादी लागू नका. ते वापरून फाइली गमावून आलेले लोक मी इतके पाहिलेत की आता त्यावर वाद घालत नाही. रायटरमधला मास्टर त्यामानाने बरा आहे. आणि तीनशे फोटोंचं पुस्तक असेल तर मांडणी इनडिझाइन किंवा स्क्रायबसमध्येच व्हावी, वर्ड लिहिण्यापुरतं. इनडिझाइनमध्ये देवनागरीची जोडाक्षरं नीट यायला 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर निवडायला विसरू नका.

हे सगळं करूनही पडत असेल तर कंट्रोल पॅनेलमधून ऑफिसचं 'ऑनलाइन रिपेअर' करा, 'क्विक' नव्हे. आणि वर्डच नाही तर ब्राउझरही अधूनमधून उगाच बंद होत असेल, तर विंडोजचं मेमरी डायग्नोस्टिक रात्री लावून ठेवा. गेल्या पावसाळ्यात एका प्रबंधवाल्या मुलीच्या यंत्रात रॅमची एक पट्टीच खराब निघाली होती, आणि तोवर आम्ही तिचं सहावं प्रकरण तीनदा नव्याने बांधून झालो होतो.